बाटलीवर कोणाचं नाव?

प्रकल्प अहवालाचा खर्डा माझ्या टेबलावर आला तेव्हा जवळपास सगळं भरलेलं होतं. सातबारा, दोन विहिरी, वीजजोडणी, स्टीलच्या टाक्यांची कोटेशनं, पाच वर्षांचा अंदाजी ताळेबंद. एक रकाना तेवढा कोरा होता : ‘उत्पादनाचं नाव’. हे राहिलं की, असं मी म्हटल्यावर धाकटा कसनुसा हसला. ‘राहिलं नाही सर. घरात ठरतच नाहीये.’

मी नागपुरात सीताबर्डीला बसून शेतमालाच्या प्रक्रिया उद्योगांचे अहवाल करतो. डाळ मिल, मिरची पावडर, संत्रा बर्फी, दोन-चार ज्यूसवाले. वाइनरीचा अहवाल माझ्याकडे पहिल्यांदाच आला होता. कुटुंबाने सांगितल्यामुळे नाव आणि गाव गाळून हे प्रकरण मांडतो आहे. त्या कोऱ्या रकान्याला तीन वर्षं लागली, आणि माझ्या मते ताळेबंदापेक्षा जास्त गोष्टी त्या रकान्यात होत्या.

घर

शेती काटोल रस्त्यावर, राहतं घर नागपुरात काटोल नाक्याच्या अलीकडे. चौदा एकर संत्रा, बाकी कापूस-तूर. बाबुजी अडुसष्ट वर्षांचे, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांची आई, सगळ्या घराची ‘माय’, शहाऐंशीची. तिचं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. थोरला मुलगा शेती बघतो आणि बाजार समितीच्या राजकारणात त्याची ऊठबस आहे. मोठी सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. धाकटा अन्नप्रक्रिया शिकला आणि नाशिककडे दिंडोरीजवळच्या एका वाइनरीत त्याने द्राक्षांचे पाच हंगाम काढले. टाकीत उतरून गाळ काढण्यापासून प्रयोगशाळेत आम्लता मोजण्यापर्यंत सगळं त्याने केलेलं आहे.

म्हणजे घरात वाइन आली ती नोकरीच्या वाटेने. पण वाइनरीचा विचार त्याचा नव्हताच, थोरल्याचा होता.

जानेवारी २०२२. राज्य मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. टीव्हीवर आठवडाभर तोच गोंधळ. एकीकडे ‘वाइन म्हणजे दारू नव्हे, द्राक्ष उत्पादकाचं भलं’, दुसरीकडे अण्णा हजारेंचा उपोषणाचा इशारा. निर्णय पुढे अमलात आलाच नाही. पण त्याच आठवड्यात थोरला बागेतली चुरी ट्रॅक्टरने आणून बांधावर ओतत होता.

चुरी म्हणजे लिंबापेक्षा जरा मोठं, व्यापारी हातही लावत नाही असं संत्रं. विदर्भात बाग झाडावरच विकली जाते. बागवान येतो, नजरेने अंदाज बांधतो, सौदा होतो. तोडणीच्या वेळी मोठं फळ तो नेतो आणि चुरी मालकाच्या गळ्यात. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या बहाराच्या, फळगळीत पडलेला माल वेगळाच. बांगलादेश हे आपल्या संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक, त्याने आयात शुल्क चढवत नेल्यापासून तर मध्यम फळालाही कळमन्याच्या बाजारात उठाव राहिला नाही. थोरल्याने बांधावरूनच धाकट्याला फोन लावला. ‘तिकडे द्राक्षाची होते तर आपल्या चुरीची काहून नाही होणार बे?’

माझ्या मते या प्रकरणातली मूळ चूक याच वाक्यात आहे. वाक्यात तर्क आहे, शेतकऱ्याचा राग आहे, पण सुरुवात फेकण्याच्या मालापासून आहे.

जे टिकले ते कुठून आले

अहवालात ‘उद्योगाची पार्श्वभूमी’ नावाचं एक प्रकरण लागतं. बँकेत ते कुणी वाचत नाही. यावेळी मी ते मन लावून लिहिलं, कारण मला स्वतःला जाणून घ्यायचं होतं की आपल्या राज्यात घरंच्या घरं या धंद्यात शिरली ती कशी.

सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सुला वाइनरीची. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले, कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये नोकरी केली आणि नव्वदच्या दशकात परत आले. नाशिकजवळ गंगापूर धरणाकडे वडिलांची जमीन होती. तिथे आधी आंबा वगैरे लावून पाहिला, खायची द्राक्षं काढून पाहिली. मग लक्षात आलं की हवा वाइनच्या द्राक्षाला बरी आहे. कॅलिफोर्नियातले वाइनमेकर केरी डॅमस्की यांना सोबत घेतलं, सॉव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या वाइनच्या द्राक्षाच्या जाती लावल्या आणि २००० साली पहिली बाटली बाजारात आणली. नाव दिलं आईचं. सुलभा, म्हणून सुला.

यॉर्कचं नाव ऐकून इंग्लंडातलं गाव डोळ्यांपुढे येतं. खरं तर नाशिकच्या गुरनानी कुटुंबातल्या तीन मुलांच्या आद्याक्षरांतून ते जुळवलेलं आहे : योगिता, रवी, कैलाश. कैलाश ऑस्ट्रेलियात ॲडलेडला वाइन बनवणं शिकून आला. ती वाइनरी नंतर सुलाने घेतली. अकलूजकडची फ्रातेली म्हणजे इटालियन भाषेत ‘भाऊ’. मोहिते-पाटील घराणं, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू अशा तीन घरांचा तो संसार. नीरा-भीमेच्या उसाच्या पट्ट्यात त्यांनी इटालियन वाइनमेकर पिएरो मासी यांच्या हाताखाली सान्जिओव्हेजे ही इटालियन द्राक्षाची जात लावली. कर्नाटकात नंदी हिल्सच्या पायथ्याला कंवल ग्रोव्हर यांनी वेली लावल्या. त्यांचा फ्रान्सशी यंत्रांचा व्यापार होता आणि तिथल्या वाइनची गोडी लागलेली होती. वाइनरीला नाव घराचंच, ग्रोव्हर.

या सगळ्यांच्याही आधी, ऐंशीच्या दशकात, श्यामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन काढली होती. पण २००८ नंतरच्या मंदीत तो मोठा पसारा कर्जाखाली बसला.

हे मी घरच्या बैठकीत वाचून दाखवलं. थोरला म्हणाला, ‘म्हणजे सगळ्यांजवळ पैसा होता.’ होताच. ते नाकारून उपयोग नाही. पण मला दुसरंच काही दिसत होतं. यातल्या एकानेही उरलेल्या मालापासून सुरुवात केलेली नाही. नाशिकला खायच्या द्राक्षाचे ढीग होते. थॉम्सन सीडलेस हवी तितकी, आणि निवडीत बाजूला पडलेला मालही होता. या लोकांनी त्याला हात न लावता वाइनसाठी वेगळी जात लावली, दोन-तीन वर्षं वेल वाढू दिला आणि मग पहिला घड तोडला.

उलट उदाहरणही नाशिकचंच. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. अबकारी शुल्कात सूट मिळाली, विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क झाले. धोरणाच्या लाटेवर वाइनऱ्या उगवल्या आणि शेतकऱ्यांनी करार करून वाइनची द्राक्षं लावली. मग २००८ ची मंदी, त्यातच नोव्हेंबरात मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस. टाक्या भरलेल्या आणि उठाव नाही. वाइनऱ्यांनी द्राक्षं घेणं थांबवलं. खाल्लं तर बी जास्त, साल जाड आणि गर कमी, असं ते फळ बाजारात कोण घेणार? अनेकांनी वेली उपटल्या. धाकट्याच्या दिंडोरीच्या मालकाने त्याला सांगितलं होतं, ‘अनुदान पाहून आले ते अनुदानाबरोबर गेले.’

बाबुजी इतका वेळ गप्प होते. त्यांनी एवढंच विचारलं, ‘त्या सुलाबाईले चाल्लं होतं का, बाटलीवर नाव?’

कुणाला उत्तर माहीत नव्हतं. मलाही नाही.

दोन खेपा

आता थोडं रसाचं. धाकट्याने मला हे समजावलं तेव्हा माझ्या अहवालातली निम्मी आकडेमोड कोलमडली.

नाशिकचं वाइनचं द्राक्ष तोडणीला येतं तेव्हा त्याच्या रसात बावीस-चोवीस ब्रिक्स साखर असते. ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात किती ग्रॅम साखर. यीस्टने ती खाल्ली की बारा-तेरा टक्के मद्यार्क आपोआप येतो, वरून काही घालावं लागत नाही. नागपुरी संत्र्याचा रस दहाच्या आसपास घोटाळतो. तसाच आंबवला तर सहा टक्क्यांच्या आत थांबेल आणि लवकर बिघडेल. एकवीसवर न्यायचा तर शंभर किलो रसात जवळपास चौदा किलो साखर ओतायची. टनभर फळातून हाती चारशे लिटर रस धरला, तर साखरच अठ्ठावन्न किलो लागते. बाटल्या कागदावर साडेपाचशेच्या आसपास होतात, गाळ वजा जाता त्याहून कमी. द्राक्षाच्या टनाला याच्या दीडपटीहून अधिक निघतात. माझ्या पहिल्या खर्ड्यात मी द्राक्षाचाच उतारा धरला होता.

पण साखर विकत मिळते. खरी अडचण कडूपणाची.

पहिली खेप डिसेंबर २०२२ मध्ये गेली. घरी आंबवून पाहायचा मोह थोरल्याला झाला होता, मीच त्याला थांबवलं. परवान्याशिवाय मद्य बनवणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली सरळ गुन्हा आहे. ‘घरच्यासाठी तर करतो’ ही सबब चालत नाही. (हे वाक्य मी आजवर किमान चार घरांत ऐकलं आहे, सगळी सुशिक्षित.) म्हणून धाकट्याने आपल्या जुन्या मालकाला गळ घातली. त्यांच्याकडे परवाना होता आणि एक छोटी टाकी रिकामी होती. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबरला उघडला होता. रात्री फळ भरलेली गाडी सकाळी दिंडोरीत. थोरल्याने हौसेने टोल नाक्यावरचा फोटो पाठवला.

फळ अर्थातच चुरी. ते सालीसकट द्राक्षाच्या प्रेसमध्ये घातलं. इथे दोन गोष्टी झाल्या. संत्र्याच्या सालीत तेल असतं. नख लावलं की डोळ्यात उडतं तेच. ते यीस्टला मानवत नाही. किण्वन सुरूच होईना, पाच दिवस टाकी गपगार. कसंबसं सुरू झालं, संपलं, गाळ बसला. चव घेतली तर आधी संत्रं, मग आंबट, आणि मागून जिभेच्या मुळाशी कडूजहर. ताज्या रसात ते नव्हतं. तिथेच तर फसगत होते. बी आणि आतलं पांढरं अस्तर चिरडलं की एक बेचव द्रव्य रसात उतरतं, आणि रसातल्या आम्लामुळे काही तासांत, काही दिवसांत त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन कडू. ज्यूसच्या धंद्यातले लोक हे ओळखून असतात. झाडावर पूर्ण पिकलेल्या फळात ते मूळ द्रव्य कमी झालेलं असतं, कच्च्यात आणि अर्धवट वाढलेल्या फळात जास्त.

आणि चुरी म्हणजे नेमकं तेच फळ.

फोनवर हे ऐकून बाबुजी म्हणाले, ‘जे गाई खात नाई ते बाटलीत भरलं त् कडूच होईन ना बाप्पा.’ मी ते वाक्य अहवालाच्या समासात लिहून ठेवलं, बँकेकडे देताना खोडलं.

दुसरी खेप पुढच्या वर्षीच्या आंबियाची. धाकट्याने अटी घातल्या. पक्का माल, एकाच विहिरीवरच्या झाडांचा, हाताने सोललेला, फोडींतून बी न चिरडता रस. नागपुरात सोलणाऱ्या हातांना तोटा नाही. संत्रा बर्फीच्या जिवावर शहरात हा रोजगार उभा आहे. थोरल्याने ओळखीच्या मुकादमीणबाईंना विचारलं. दहा बाया आणते म्हणाल्या. काय बनवायचं आहे ते ऐकल्यावर म्हणाल्या, ‘बर्फीसाठी सोलतो भाऊ. याच्यासाठी नाही.’

थोरल्याला वाटलं, मजुरी वाढवून मागताहेत. तसं नव्हतं. बाई आणि त्यांच्या गटातल्या बहुतेक जणी दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी तिथे जे बावीस प्रतिज्ञांचं वचन घेतलं, त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पिणं आणि पिणाऱ्यासाठी सोलणं यातला फरक थोरल्याने समजावून पाहिला. बाई म्हणाल्या, ‘तुमचा हिशेब बरोबर असेल. आमचा वेगळा आहे.’ शेवटी घरच्या माणसांनी आणि शेतावरच्या गड्यांनी मिळून सहा क्विंटल फळ सोललं. त्यात मोठी सूनही होती. तिचे अंगठे आठवडाभर पिवळे राहिले आणि शाळेत मुलांनी विचारलं तेव्हा तिने बर्फीचं कारण सांगितलं.

रस बर्फात घालून, तो टिकावा म्हणून थोडं पोटॅशियम मेटाबायसल्फाइट टाकून रातोरात गेला. यावेळी टाकी दुसऱ्याच दिवशी बोलायला लागली. सोळा-सतरा अंशांवर तीन आठवडे. मार्चमध्ये त्यातल्या सत्तर-ऐंशी बाटल्या आल्या. मी दोन घोट घेतले. फिकट सोनेरी रंग, नाकाला सालीचा नाही तर मोहराचा वास, चवीला कोरडी, शेवटी कडवटपणा होता पण लिंबाच्या लोणच्याच्या फोडीइतका. सावजी मटणापुढे ती काय टिकेल सांगता येत नाही. तर्री भल्याभल्यांना गिळते. पण थंड करून, तळलेल्या मासोळीबरोबर, चांगली लागली. मी जाणकार नाही हे लक्षात घेऊन वाचावं.

‘संत्रा’ या शब्दाची अडचण

द्राक्षाशिवाय दुसऱ्या फळाची वाइन असेल तर ते फळ लेबलवर सांगावं लागतं. म्हणजे ‘संत्रा’ हा शब्द टाळता येत नाही. आणि नागपुरात, नागपुरातच काय उभ्या महाराष्ट्रात, दारूच्या दुकानात ‘संत्रा’ म्हटलं की समोर देशीची बाटली येते. मळीच्या मद्यार्कात संत्र्याचा अर्क घातलेली. ज्या फळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रघुजीराजे भोसल्यांच्या काळात आलं म्हणून ज्याचं कौतुक सांगतात, त्याचं नाव गुत्त्यावर पन्नास वर्षं दुसरंच कुणी वापरतं आहे.

इंग्रजीत ‘ऑरेंज वाइन’ लिहावं तर तीही गल्ली बंद. जगाच्या बाजारात ऑरेंज वाइन म्हणजे सालीसकट मुरवलेली पांढऱ्या द्राक्षाची वाइन, जॉर्जियात मातीचे रांजण जमिनीत पुरून करतात तशी. तिच्यात संत्रं औषधालाही नसतं. पुण्या-मुंबईचा जो गिऱ्हाईक चार पैसे जास्त देईल, तो नेमका हा फरक जाणणारा.

जाहिरातीने हे दुरुस्त करता येत नाही, कारण मद्याची जाहिरात करता येत नाही. म्हणून तर नाशिकवाल्यांनी लोकांना शेतावरच बोलावलं. सुलाने २००५ मध्ये चाखण्याची खोली उघडली, नंतर महोत्सव सुरू केला, आणि वाइन न पिणारीही माणसं द्राक्षबागेत फोटो काढायला गेली. नाशिक मुंबईपासून गाडीने चार तासांवर आहे. आमच्याकडे पेंच आणि ताडोबाला येणारा पर्यटक आहे, पण तो वाघ पाहायला येतो, पहाटे पाचला जिप्सीत बसतो आणि संध्याकाळी रिसॉर्टमध्ये जे मिळेल ते पितो. रिसॉर्टच्या खरेदी व्यवस्थापकाला गाठणं हा एक मार्ग मी अहवालात लिहिला. अजूनही तोच सगळ्यात खरा वाटतो.

नागपूरला द्राक्षंच लावली तर, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, नागपूर तीनशे दहा. मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर पारा, खोल काळी माती, फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट. विषय संपला.

मायचं माहेर

जिल्ह्याच्या सीमेपलीकडे वर्धा. सेवाग्रामचा जिल्हा, म्हणून दारूबंदी. त्याच्या पलीकडे चंद्रपूर, तिथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी. म्हणजे नागपूरच्या एका अंगाला दारूबंदी पाहिलेला भला मोठा पट्टा आहे आणि या घराची सगळी सोयरीक त्या पट्ट्यात. माय तरुणपणी तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाला चालत जायची. तिच्या भावाने गावात दारूबंदीचं मंडळ चालवलं होतं. अशा घराचं आडनाव बाटलीवर?

थोरल्याची काळजी वेगळी होती. त्याला पुढे निवडणूक लढवायची आहे. उभी बाटली-आडवी बाटली हे मतदान दुकान बंद करण्यासाठी असतं, वाइनरीशी त्याचा संबंध नाही, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ‘पण सर, प्रचारात कोण कायदा वाचून दाखवते? ते फक्त बाटली दाखवतीन.’ ज्याने ही कल्पना काढली तोच आता मागे सरकत होता, आणि ज्याला नोकरी सोडायची नव्हती तो धाकटा पुढे. अशी अदलाबदल मी घरगुती धंद्यांत पुष्कळदा पाहिली आहे. कल्पना ज्याची, त्याला ती फुकट असते. हात पिवळे झाले की ती महाग वाटायला लागते.

मोठ्या सुनेचं मत कुणी विचारलं नव्हतं. एका बैठकीत चहा ठेवता ठेवता तिने विचारलं, ‘सातबारा कोणाचा गहाण पडणार?’ सगळे बाबुजींकडे बघू लागले. तोवर हा प्रश्न मीही नीट मांडला नव्हता, ही माझी कसूर. शेतावरची वाइनरी म्हणजे थंड ठेवलेल्या टाक्या, उन्हाळाभर चालणारी वातानुकूलित कोठी, बाटली भरण्याची ओळ, परवाना, आणि पहिली विक्री होईपर्यंत दोन वर्षांचं व्याज. तारण काय, तर चौदा एकर बाग. ती बाग आधीच कोलशी आणि डिंक्या या रोगांशी झुंजते आहे. एखाद्या वर्षी पाणी तोडून दिलेला ताण नीट बसला नाही की बहारच फुटत नाही. त्या बागेवर आणखी एक जुगार.

ठरलं ते

शेतावर वाइनरी उभारायची नाही, हे बाबुजींनी त्याच बैठकीत सांगितलं. मी माझा अठ्ठेचाळीस पानी अहवाल बाजूला ठेवला आणि अडीच पानांचा दुसरा लिहिला. पीक आपलं, सोलणं आपलं, आंबवणं आणि भरणं दिंडोरीच्या परवान्यात, करार करून. धाकट्याच्या नावाने वेगळी भागीदारी संस्था. त्यात बाबुजींचा आणि थोरल्याचा पैसा नाही, सातबाराही नाही. मोठ्या सुनेने मात्र स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून हिस्सा घेतला. तो का, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन हंगाम, दरवर्षी हजाराच्या आत बाटल्या. त्या खपल्या तर पुढचं बोलू.

चुरीचं काय, हा थोरल्याचा प्रश्न तसाच राहिला. ती अजूनही बांधावर जाते. वाइनने चुरीचा प्रश्न सुटत नाही हे कळायला दोन वर्षं आणि एक टाकी कडू वाइन लागली. मला विचाराल तर फार महाग पडलं नाही.

सोलायला बाया मिळत नाहीत ती अडचणही पूर्ण सुटलेली नाही. मुकादमीणबाईंनी दुसऱ्या वस्तीतल्या गटाचा नंबर दिला, तोही स्वतःहून. ‘आम्ही नाही करत. त्या करतात.’

राहिला रकाना. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून लेबल मंजूर झाल्याशिवाय बाटली बाहेर पडत नाही, आणि लेबलला नाव लागतं. गेल्या दिवाळीनंतर बाबुजींच्या ओसरीवर आम्ही सगळे बसलो. धाकट्याने फ्रेंच वाटणारी तीन नावं काढली होती. थोरल्याने ती मोठ्याने वाचली आणि तिन्ही चुकीची वाचली, तिथेच ती गेली. आडनाव नको, यावर सगळ्यांचं एकमत. गावाचं नाव नको, ग्रामपंचायत बोंब मारील. बाबुजी म्हणाले गट नंबर टाका. त्यावर मोठी सून म्हणाली की मग लोक सातबारा उघडून मालक शोधतील, आता सगळं ऑनलाइन असतं.

माय खाटेवर पडून ऐकत होती. म्हणाली, ‘वावराचं नाव द्या ना. वावर काई पीत नाई.’

आमच्याकडे प्रत्येक वावराला नाव असतं. ज्या विहिरीवरच्या झाडांचं फळ दुसऱ्या खेपेला गेलं, त्या वावरालाही होतं. दोन शब्दांचं, म्हणायला सोपं. धाकट्याने ते कागदावर लिहिलं, दोनदा म्हणून पाहिलं. सगळ्यांना आवडलं. मग बाबुजींच्या लक्षात आलं आणि ते जरा दचकले. ते वावर त्यांच्या आजीच्या नावाने ओळखलं जातं. म्हणजे मायच्या सासूच्या. घराचं नाव नको म्हणता म्हणता घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईचंच नाव बाटलीवर चाललं होतं.

कुणी काही बोलेना. धाकट्याने पेन्सिल खाली ठेवली.

माय कुशीवर वळली. ‘तिले चाल्लं असतं,’ ती म्हणाली. ‘होळीले मोहाची घे ती. मले म्हणे, कोणाले सांगू नको.’

मी रकाना पेनाने भरला.